हरलेल्या डावाची तिसरी खेळी

प्यादं पुढे सरकवून तुमचा हात सवयीने पटाच्या उजव्या अंगाला जातो, घड्याळाचं बटण दाबायला. बोटं नुसती मेजाच्या लाकडावर आपटतात. तिथे घड्याळ नाही. बुद्धिबळाचं जोडघड्याळ अजून जन्माला यायचं आहे. सामन्यात वाळूची घड्याळं लावायलाही अजून काही वर्षं जायची आहेत. इथे खेळणारा हवा तेवढा वेळ विचार करतो आणि समोरचा वाट बघतो.

तुम्ही मान वर करता. छत फार उंच आहे. त्याला टांगलेला कापडी झालरीचा लांबलचक पंखा डोक्यावरून सावकाश झुलतो आहे. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात गेली आहे आणि तिथे बसलेला माणूस ती ओढतो आहे. त्याला डुलकी लागली की पंखा मंदावतो आणि तुमच्या मानेवरून घामाची धार सुटते. दारांना वाळ्याच्या ताट्या लावल्या आहेत. त्यांच्यावर पाणी मारलं की ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरतो. कोपऱ्यातल्या पेल्यात बर्फाचा खडा विरघळतो आहे. तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवर हिवाळ्यात कापला गेला, भुशात पुरून जहाजात भरला गेला आणि अर्धी पृथ्वी ओलांडून या बंदरात उतरला. १८३३ पासून हा बर्फ इथे येतो आहे.

हे कोलकाता आहे. साल १८५५, महिना मे. हुगळीवर पूल नाही. पलीकडच्या हावड्याहून आगगाडी सुटायला लागली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. ईश्वरचंद्र विद्यासागरांचं ‘वर्णपरिचय’ गेल्याच महिन्यात छापून आलं आहे. नदीच्या काठाने वर गेलं की दक्षिणेश्वरला राणी रासमणींच्या कालीमंदिराचं काम शेवटच्या टप्प्यात आहे. याच महिन्याच्या ३१ तारखेला तिथे देवीची प्रतिष्ठापना व्हायची आहे. रस्त्यांवर गॅसचे दिवे अजून आलेले नाहीत, म्हणून संध्याकाळी या खोलीत तेलाचेच दिवे लागतील.

खोली मी त्या काळच्या कोलकात्यातून उभी केली आहे. तुम्ही आता ज्या खेळ्या बघाल, त्या मात्र नोंदीत आहेत तशाच्या तशा.

तुमच्यासमोरचा पट बाजूचा आहे. डाव बघणाऱ्यांनी खेळ्या लावून बघण्यासाठी ठेवलेला. खरा डाव मधल्या मेजावर चालू होतो आहे. पांढरी मोहरी घेऊन बसले आहेत जॉन कॉक्रन. वय ५७. स्कॉटिश घराण्यातले, कोलकात्यातले नामांकित बॅरिस्टर आणि इथल्या चेस क्लबचे आधारस्तंभ. १८२२ मध्ये, चोविशीत, त्यांनी बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला. त्याच्या आदल्या वर्षी ते पॅरिसजवळ देशापेल आणि ला बुर्दोने या फ्रान्सच्या दोन सर्वांत बलाढ्य खेळाडूंशी खेळले. लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांचा टपालाने चाललेला सामना अर्ध्यावर सोडून ते हिंदुस्थानात आले. पुढे १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला रजेवर लंडनला गेले, तेव्हा हॉवर्ड स्टॉन्टन यांच्याशी शेकडो डाव खेळून परतले. म्हणजे युरोपात जे जे खेळलं जातं, ते सगळं या माणसाने स्वतःच्या हाताने खेळून पाहिलेलं आहे.

काळी मोहरी महेशचंद्र बॅनर्जी यांच्याकडे. वय पंचावन्नच्या आसपास. बंगालच्या ग्रामीण मुलखातले ब्राह्मण. १८४८ च्या सुमारास कोलकात्याच्या क्लबातल्या एका सभासदाच्या कानावर आलं की, मोफसिलात, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखात, एक ब्राह्मण आहे आणि तो बुद्धिबळात कधी हरलेला नाही. त्या सभासदाने त्याला शोधून काढलं, त्याच्याशी डाव मांडला आणि जिंकला. तो कधी हरला नव्हता, ही ख्याती तिथे संपली. पण पुढे कोलकात्यात त्याची कॉक्रनशी गाठ पडली आणि त्या भेटीतून सुरू झालेली बैठक वर्षानुवर्षं चालली. दोघांमधले शेकडो डाव लिहून ठेवलेले आहेत. त्यांतले बहुतेक कॉक्रनने जिंकले.

आता महेशबाबूंचा हात बघा. तो हात ज्या खेळावर घडला, तो तुम्ही खेळता तो खेळ नव्हे. देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं उडत नाही. ते एकच घर चालतं. राजाला युरोपी पद्धतीचा किल्लेकोट नाही. त्याऐवजी त्याला आयुष्यात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. मोहऱ्यांची नावंसुद्धा वेगळी. तुम्ही ज्याला उंट म्हणता त्याला इथे गज म्हणतात, आणि तुमचा हत्ती बंगालात नौका होतो. प्याद्याला म्हणतात बोडे. बाजूला कुणी हळू आवाजात ‘गज’ म्हणालं, तर तुमची नजर आधी कोपऱ्यातल्या हत्तीकडे जाईल आणि मग सावरून तिरपं चालणाऱ्या उंटावर येईल.

या दोन खेळांमधला पूल आपल्याकडेही बांधला जात होता. १८१४ मध्ये मुंबईत एक पुस्तक छापलं गेलं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी मूळ संस्कृतातले डावपेच युरोपी पद्धतीला जुळवून घेत इंग्रजीत आणले होते. महेशबाबू आज हेच काम पटावर करताहेत. नियम नवे पाळायचे, पण हाताला माहीत असलेली चाल सोडायची नाही.

डाव सुरू होतो.

कॉक्रन वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकतात. डी४.

महेशबाबू राजाच्या बाजूचा घोडा एफ६ वर काढतात.

बाजूच्या पटावर ही खेळी लावताना तुम्हाला काहीच वाटत नाही. तुमच्या क्लबात शाळकरी पोरंही असंच खेळतात. पण या खोलीतल्या माणसांचे चेहरे वाचा. १८५५ मध्ये सभ्य डाव कसा सुरू होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. राजापुढचं प्यादं दोन घरं, समोरूनही राजापुढचं प्यादं दोन घरं, मग एक प्यादं बळी देऊन राजावर हल्ला. चार वर्षांपूर्वी लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, ती जर्मनीच्या अँडरसनने जिंकली. त्याच वर्षी त्याने दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केलेला डाव जगभर नावाजला जातो आहे. या काळात पटाचा मध्यभाग प्याद्यांनी व्यापायचा, हा धर्म आहे. आणि इथे एक माणूस मध्यभाग समोरच्याला मोकळा सोडून घोडा काढतो.

कॉक्रन ती जागा घेतात. सी४. दोन प्यादी शेजारी शेजारी.

महेशबाबूंचं बोट राजाच्या घोड्यापुढच्या प्याद्यावर टेकतं. जी६. एकच घर.

इथे थांबा. या एका घरावर थोडं रेंगाळायला हवं.

ज्या हाताने आयुष्यभर प्यादी एकेक घर चालवली, त्या हाताला डावाच्या आरंभी मोठी उडी मारायची घाई नसते. देशी खेळात दोन्ही फौजा हळूहळू जवळ येतात. पहिल्या दहा-बारा खेळ्या नुसत्या मांडणीच्या असतात. अशा मांडणीत उंटासाठी वाट करायची, तर सोपा मार्ग म्हणजे घोड्यापुढचं प्यादं एक घर वर घ्यायचं आणि मागे उंट बसवायचा. तिथून तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा अख्खा कर्ण बघतो. युरोपात या बैठकीला इटालियन नाव होतं, पण तिच्याकडे आडवळणाची चाल म्हणून बघितलं जाई. महेशबाबूंना ती चाल घरातली होती. पुढे १९३४ मध्ये ब्रिटिश बुद्धिबळाचा इतिहास लिहिताना फिलिप सार्जंट यांनी नमूद केलं की, या प्रकारचे बचाव युरोपातल्या खेळाडूंना मोठ्या प्रमाणावर शिकवले ते महेशचंद्र आणि इतर हिंदी खेळाडूंच्या उदाहरणाने, कारण उंटाची अशी मांडणी हा त्यांना आपल्या खेळातून आलेला वारसा होता.

कॉक्रन घोडा सी३ वर आणतात.

आता तिसरी खेळी. महेशबाबू क्षणभर दोन्ही हात मांडीवर ठेवतात. मग वजिरापुढचं प्यादं उचलून सरळ दोन घरं पुढे ठेवतात. डी५.

तुमच्या पाठीतून शिरशिरी जाते. तुम्हाला ही जागा माहीत आहे. तुम्ही ही पुस्तकात वाचली आहे, मोबाइलवर शंभर वेळा बघितली आहे, आणि परवाच्या रविवारी क्लबात खेळून हरला आहात. या मांडणीला तुम्ही ज्या नावाने ओळखता, ते नाव धारण करणारा माणूस जन्माला यायला अजून ३८ वर्षं आहेत.

किती धीट खेळी आहे ही! एक घर चालणाऱ्या हाताने उंटाची वाट केली आणि लगेच परक्या नियमाने दिलेली दोन घरांची उडीही वापरली. दोन खेळांचं शहाणपण पहिल्या तीन खेळ्यांत एकत्र आलं. काळा म्हणतो आहे: मध्यभाग घ्या, प्याद्यांची भिंत बांधा, मी माझ्या मोहऱ्यांनी ती भिंत खालून पोखरतो.

कॉक्रन सावध आहेत. ते ई३ खेळतात. उंट जी७ वर जाऊन बसतो. पांढरा घोडा एफ३ वर. महेशबाबू किल्लेकोट करतात. राजाची ती एकुलती एक घोडउडी सोडून ही नवी रीत त्यांनी आता पूर्ण अंगवळणी पाडलेली दिसते. सहाव्या खेळीला कॉक्रन डी५ वर प्यादं मारतात, काळा घोडा परत मारतो. पांढरा उंट ई२ वर. काळा घोडा सी३ वरचा घोडा घेतो, पांढरं प्यादं त्याला घेतं. आणि मग सी-पट्टीतलं काळं प्यादं दोन घरं पुढे. सी५. भिंतीच्या पायावर पहिला घाव.

नवव्या खेळीला पांढरा राजाही किल्ल्यात जातो. प्याद्यांची मारामारी होते, पांढऱ्याचं प्यादं पुन्हा डी४ वर येऊन उभं राहतं. आता काळ्याचा सगळा रोख त्या एका प्याद्यावर. घोडा सी६ वर येतो, तो डी४ कडे बघतो. जी७ वरचा उंट लांबून डी४ कडेच बघतो. दुसरा उंट जी४ वर जाऊन पांढऱ्या घोड्यावर दाब टाकतो, कारण तो घोडा डी४ चा राखणदार आहे. बाराव्या खेळीपर्यंत दोन्ही बाजूंचा एकेक हत्ती मोकळ्या सी-पट्टीवर समोरासमोर उभा आहे. तुम्ही बाजूच्या पटावर ही स्थिती लावून लांबून बघता. आजच्या कोणत्याही क्लबात, कोणत्याही रविवारी ही स्थिती दिसू शकते. १८५५ चं असं यात काहीच नाही.

मग डाव हळूच कलतो.

कॉक्रन बी२ वरचा उंट ए३ वर नेतात. तिथून तो तिरका ई७ वरच्या प्याद्याकडे बघतो. महेशबाबू वजीर ए५ वर आणून त्या उंटावर नजर रोखतात. कॉक्रन वजीर बी३ वर आणतात. त्याने उंट राखला जातो आणि दुसरंही एक काम होतं, जे सहज लक्षात येत नाही. बी३ पासून एक कर्ण निघतो: सी४, डी५, ई६, एफ७. आणि त्याच्या टोकाला, जी८ वर, काळा राजा.

चौदाव्या खेळीला महेशबाबू एफ८ वरचा हत्ती ई८ वर सरकवतात.

ही खेळी तुम्हीही केली असती. मीही केली असती. ई७ वरच्या प्याद्यावर उंटाचा डोळा आहे. घोड्याची राखण त्याला आहेच, पण आणखी एक पहारेकरी दिला तर झोप बरी लागते. क्लबातला खेळाडू असाच खेळतो: दिसणाऱ्या धोक्याला दुहेरी कुलूप लावतो. पण हत्ती एफ८ वरून उठला तसा एफ७ वरच्या प्याद्याला आता फक्त राजाचा आधार उरला. एक दार घट्ट करताना दुसऱ्याची कडी निघाली.

एफ७ या घराचं आणि कॉक्रनचं जुनं नातं आहे. सात वर्षांपूर्वी, १८४८ मध्ये, याच महेशचंद्रांविरुद्ध कॉक्रनने चौथ्याच खेळीला आपला घोडा एफ७ वर बळी दिला होता आणि राजाला उघड्यावर ओढलं होतं. तो प्रकार आज ‘कॉक्रन गॅम्बिट’ म्हणून ओळखला जातो. आता त्यांची नजर पुन्हा तिकडेच वळलेली आहे.

पांढरा हत्ती सी५ वर येतो आणि वजिराला हुसकावतो. वजीर बी६ वर. हत्ती बी५ वर, पुन्हा वजिरावर. वजीर माघारी घरी, डी८ वर. पंख्याची दोरी करकरते. सतरावी खेळी: पांढरा घोडा एफ३ वरून जी५ वर उडी घेतो.

तुमच्या तोंडातून शब्द बाहेर पडू बघतो. ‘एफ७!’ पण तुम्ही ओठ मिटून घेता. बघ्याने बोलायचं नसतं, हा नियम १८५५ मध्येही तोच.

महेशबाबू ई२ वरचा उंट मारतात. त्या उंटाने आता एकाच वेळी दोन हत्तींवर डोळा ठेवला आहे, एफ१ वरच्या आणि बी५ वरच्या. हिशेबाने बघितलं तर काळ्याची बाजू भरभराटीला आलेली दिसते.

कॉक्रनचा घोडा एफ७ वरचं प्यादं घेतो.

आता खोलीत कुणी हलत नाही. राजा त्या घोड्याला मारू शकत नाही, मागे वजीर उभा आहे. घोडा काळ्या वजिरावरही चालून आला आहे. महेशबाबू बराच वेळ पटाकडे बघतात आणि मग घोडा ए५ वर टाकतात, थेट पांढऱ्या वजिरावर. तू माझा वजीर घे, मी तुझा घेतो. खंबीर उत्तर आहे. पण कॉक्रनला वजीर नकोच आहे.

पुढच्या तीन खेळ्या तुम्ही बाजूच्या पटावर स्वतःच्या हाताने लावा. त्या अशा लावल्या की जन्मभर विसरत नाहीत.

घोडा एफ७ वरून एच६ वर. घोड्याचा शह, आणि घोडा बाजूला झाल्याने मागच्या वजिराचाही शह. दुहेरी शह. जी७ वरचा उंट घोडा मारू शकतो, पण एका खेळीत दोन शह कसे तोडायचे? राजालाच हलावं लागतं. एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर येऊन तिथेच मात. म्हणून राजा कोपऱ्यात, एच८ वर.

आता पांढरा वजीर आख्खा कर्ण कापत जी८ वर जाऊन राजाला खेटून उभा राहतो. शह. राजा त्याला मारू शकत नाही, एच६ वरचा घोडा पाठीशी आहे. हत्तीनेच मारावं लागतं. ई८ वरून हत्ती जी८ वर येतो. तोच हत्ती, जो चौदाव्या खेळीला राखणीसाठी ई८ वर गेला होता.

आणि घोडा पुन्हा एफ७ वर. शह आणि मात.

काळा राजा कोपऱ्यात उभा आहे. शेजारी स्वतःचा हत्ती, तिरपा स्वतःचा उंट, पुढ्यात स्वतःचं प्यादं. पटावर काळ्याचा वजीर, दोन्ही हत्ती, दोन्ही उंट आणि एक घोडा शाबूत आहेत. समोरून एकटा घोडा. आपल्याच माणसांच्या गर्दीत राजा कोंडून मेला.

तुम्ही महेशबाबूंच्या चेहऱ्याकडे बघता. त्या चेहऱ्यावर काय होतं, ते कुठे लिहिलेलं नाही. एवढंच माहीत आहे की, ते पुन्हा बसले. पुन्हा घोडा एफ६ वर काढला, पुन्हा घोड्यापुढचं प्यादं एक घर चालवलं, पुन्हा उंट कोपऱ्यात बसवला. युरोपातला इतका अनुभवी माणूस समोर बसून डावामागून डाव जिंकत होता, तरी त्यांनी आपली मांडणी टाकली नाही. हाच मला त्यांचा सर्वांत मोठा पराक्रम वाटतो. हरल्यावर बहुतेक जण सुरुवात बदलतात. तुम्ही परवा हरल्यावर ठरवलं ना, की आता हा बचाव सोडायचा, दुसरं काहीतरी शिकायचं? महेशबाबूंना कळलेलं होतं की, चूक चौदाव्या खेळीत होती, तिसऱ्या खेळीत नव्हती.

आणि दुसरं श्रेय कॉक्रनचं. त्यांनी हे डाव उतरवून ठेवले आणि ते छापून आले. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या खेळ्या जपल्या. ते कागद नसते, तर मोफसिलातल्या त्या ब्राह्मणाचं नावही आज आपल्यापर्यंत पोचलं नसतं.

दिवा लावायला कुणीतरी येतं. ज्योत मोठी होते, डोळे दिपतात, आणि तुम्ही पुढे सरकता.

१९२२, नोव्हेंबर, व्हिएन्ना. थंडी आहे, खोलीत सिगारचा धूर आहे. एर्न्स्ट ग्रुनफेल्ड काळी मोहरी घेऊन बसले आहेत. लहानपणी एक पाय गमावलेला, गरिबीत वाढलेला, प्रारंभिक खेळ्यांचा अफाट अभ्यास केलेला माणूस. समोर अलेक्झांडर अलेखिन, जो पाच वर्षांनी जगज्जेता होणार आहे. डी४, घोडा एफ६. सी४, जी६. घोडा सी३, डी५. तुम्ही ओठांतल्या ओठांत खेळ्या म्हणता आणि त्या तशाच येतात. या वेळी काळा जिंकतो. इथून पुढे या बचावाला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतील.

१९५६, १७ ऑक्टोबर, न्यूयॉर्क. पुन्हा एक क्लब, मार्शल चेस क्लब. १३ वर्षांचा एक मुलगा, बॉबी फिशर, डोनाल्ड बर्नविरुद्ध काळी मोहरी खेळतो आहे. खेळ्यांचा क्रम जरा वेगळा, पण जी६, उंट जी७ वर, मग डी५, असं करत डाव त्याच बचावात शिरतो. सतराव्या खेळीला तो पोरगा आपला वजीर मारू देतो आणि ४१ व्या खेळीला मात करतो. त्या डावाला शतकातला डाव म्हटलं जातं. कोलकात्याच्या त्या दुपारनंतर १०१ वर्षं झाली आहेत.

व्हिएन्नात, न्यूयॉर्कमध्ये कुणी महेशचंद्रांची आठवण काढत असेल असं नाही. पण बुद्धिबळाच्या भाषेत त्यांची खूण राहून गेली आहे. राजाकडचा इंडियन, वजिराकडचा इंडियन, निम्झो-इंडियन. जगात कुठेही, कोणत्याही भाषेत, खेळाडू एफ६ वर घोडा काढून ही नावं घेतो. हिंदी बचाव हे नाव पुस्तकात आलं, ते कॉक्रनसमोर बसलेल्या महेशचंद्रांच्या खेळण्यावरून. आपला देश जगज्जेते द्यायला लागला त्याच्या कितीतरी आधी, त्याचं नाव डावाच्या पहिल्याच खेळीला जाऊन बसलं होतं.

आता परत या.

रविवार संध्याकाळ. तुमचा क्लब: वरच्या मजल्यावरची खोली, ट्यूबलाइट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रेक्झिनचे गुंडाळून ठेवायचे पट. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज. समोरचे काका स्टीलच्या पेल्यातला चहा संपवून म्हणतात, “अजून एक डाव होऊन जाऊ दे.” घड्याळ पुन्हा पटाच्या उजव्या अंगाला आहे. तुमच्या शेजारी मघाचा कागद पडला आहे, हरलेल्या डावाचा. शेवटच्या चार खेळ्या तुम्ही चिडून लिहिल्याच नव्हत्या.

तो कागद आधी पुरा करा. काकांना विचारा, शेवटची खेळी घोडा एफ७ होती की हत्ती? ते सांगतील, हरवणाऱ्याला नेहमी आठवतं. अक्षर नीट काढा. तारीख घाला. दोघांची नावं लिहा. मग कुठे कडी निघाली ते घर शोधा आणि त्याच्याभोवती गोल करा. ते घर तिसऱ्या खेळीत सापडणार नाही.

मग पट पुन्हा मांडा. काका पांढरं घेतात आणि वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकतात.

तुम्ही घोडा एफ६ वर काढता आणि बटण दाबता.